दमसास

७ नोव्हेंबर १९९१. लॉस एंजेलिसजवळच्या 'फोरम'मध्ये पत्रकारांची तोबा गर्दी. सहा फूट नऊ इंच उंचीचा, ३२ वर्षांचा एक माणूस माइकसमोर येतो आणि सांगतो की मला एचआयव्हीची लागण झाली आहे, त्यामुळे आजपासून माझं खेळणं बंद. हा माणूस म्हणजे अर्विन 'मॅजिक' जॉन्सन. लेकर्सला पाच अजिंक्यपदं मिळवून देणारा. आपल्याकडे बास्केटबॉल म्हणजे कॉलेजच्या मैदानाच्या कोपऱ्यातली जाळी नसलेली रिंग, त्यामुळे हा धक्का केवढा होता ते चटकन कळणार नाही. आपल्या क्रिकेट कॅप्टनने ऐन भरात असताना असं काही जाहीर केलं असतं तर देशात काय झालं असतं, तेवढा समजा.

या प्रसंगावर भरपूर लिहिलं गेलंय. मला मात्र त्यातली एकच गोष्ट कायम खटकत आलीये. जॉन्सनला काहीही होत नव्हतं! विम्यासाठी केलेल्या तपासणीत ते निघालं. तीनेक आठवड्यांपूर्वीच तो पॅरिसमध्ये सामने खेळून आला होता. आणि तरी डॉक्टरांचा सल्ला होता की थांब. का? तर एवढ्या श्रमाने प्रतिकारशक्तीवर ताण येईल. ऐकायला अगदी पटतं. आजारी माणसाने आराम करावा, हे आजीपासून फॅमिली डॉक्टरपर्यंत सगळेच सांगतात. पण हा सल्ला कुठल्या डेटावर उभा होता? एचआयव्ही असलेलं शरीर धावायला लागलं की आत नेमकं काय होतं, हे कुणी मोजलं होतं का?

मोजलं होतं. आणि ती गोष्ट जॉन्सनच्या गोष्टीइतकीच जबरदस्त आहे, फक्त तिच्यासमोर कॅमेरे नव्हते.

आधी डॉक्टरांची बाजूही बघू, कारण ते काही मूर्ख नव्हते. एड्सची पहिली अधिकृत नोंद अमेरिकेत जून १९८१ मधली. पहिलं औषध, एझेडटी, मार्च १९८७ मध्ये मंजूर झालं आणि तेही एकट्याने फार काळ टिकाव धरत नव्हतं. त्या काळात एड्स म्हणजे डोळ्यांदेखत झिजत जाणारा माणूस. युगांडात तर लोकांनी या आजाराला नावच 'स्लिम' ठेवलं होतं, आणि १९८५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉक्टरांनी त्याच नावाने तो नोंदवला. ज्याचं वजन आधीच उतरतंय त्याला पळायला कोण लावणार? भरीस भर म्हणजे १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमधल्या धावपटूंचा एक अभ्यास. शर्यतीनंतरच्या आठवड्यात सर्दी-खोकला झाल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण, नाव नोंदवूनही न धावलेल्यांपेक्षा, सुमारे सहापट होतं. म्हणजे अतिश्रमाने धडधाकट माणसाचीही प्रतिकारशक्ती थोडी ढेपाळते असं दिसत होतं. मग ज्याची प्रतिकारशक्ती हेच विषाणूचं लक्ष्य आहे, त्याचं काय?

आता मायामी. तिथल्या विद्यापीठात आर्थर लापेरिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक प्रयोग केला. तो वाचताना मी दोनदा मागे जाऊन खात्री केली की मला बरोबर समजलंय ना. त्यांनी ५० समलिंगी पुरुष घेतले. कुणालाच काही लक्षणं नाहीत, फिटनेस सर्वसाधारण किंवा त्याहून कमी, आणि आपल्याला एचआयव्ही आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला पाच आठवडे व्यायाम, दुसऱ्याला काहीच नाही. पाच आठवड्यांनी सगळ्यांच्या चाचण्या. आणि त्यानंतर ७२ तासांनी प्रत्येकाला त्याचा रिपोर्ट सांगितला.

क्षणभर विचार करा. ऐंशीच्या दशकाचा शेवट आहे. 'पॉझिटिव्ह' या शब्दाचा अर्थ तेव्हा जवळजवळ मृत्युपत्र असा होता. आपल्याला लवकरच काय ऐकायला मिळेल हे माहीत नसताना ही माणसं आठवड्यामागून आठवडे घाम गाळत होती.

रिपोर्टनंतर आठवड्याभराने पुन्हा मोजमाप झालं. व्यायाम न केलेले आणि पॉझिटिव्ह निघालेले, त्यांची चिंता आणि नैराश्य खूप वाढलं होतं. इतपत कुणालाही सांगता आलं असतं. पण त्यांच्या रक्तातल्या 'नॅचरल किलर' पेशीही कमी झाल्या होत्या, म्हणजे नुसत्या बातमीने प्रतिकारशक्तीचा एक भाग घसरला होता. आणि व्यायाम केलेले पॉझिटिव्ह? त्यांच्यात तसं काहीच दिसलं नाही. त्यांचे आकडे निगेटिव्ह निघालेल्या लोकांसारखेच होते. १९९० मध्ये हा पेपर छापून आला.

म्हणजे जॉन्सन माइकसमोर उभा राहायच्या वर्षभर आधी.

पन्नास जणांचे चार तुकडे केले की एकेका तुकड्यात मूठभरच माणसं उरतात, त्यामुळे यावरून कुणी सिद्धांत मांडू नये हे खरंच. आमच्याकडे एवढ्या सँपलवर कुणी प्रॉडक्शनला रिलीज मागितला तर हाकलून देतील. पण 'श्रमाने प्रतिकारशक्ती कोसळेल' या समजाला पहिला तडा इथे गेला. व्यायामाने काहीही कोसळलं नव्हतं, उलट बातमीच्या धक्क्यात तो आडवा आला होता.

इकडे जॉन्सनने निवृत्ती घेतली तरी चाहत्यांनी त्याला मतं देऊन ऑल-स्टार सामन्यात निवडलं. ९ फेब्रुवारी १९९२, ऑर्लँडो. २५ गुण, ९ असिस्ट, शेवटी एक लांबचा तीन गुणांचा बास्केट, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये 'ड्रीम टीम'बरोबर सुवर्णपदक. (त्याआधी ऑस्ट्रेलियाच्या संघाच्या डॉक्टरांनी आपल्या खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध खेळू नये असं सुचवलं होतं, त्यावरून गदारोळही झाला.) मग त्याने ठरवलं की पुन्हा लीगमध्ये यायचं.

३० ऑक्टोबर १९९२ ला चॅपल हिल इथे सरावाचा सामना होता. खेळताना जॉन्सनच्या हाताला ओरखडा आला. अगदी किरकोळ. संघाचे ट्रेनर गॅरी व्हिटी पट्टी लावायला पुढे झाले. खिशात हातमोजे होते, पण त्यांनी ते मुद्दाम घातले नाहीत. गेलं वर्षभर ते खेळाडूंना सांगत आले होते की अशा खरचटण्यातून धोका नाही. आता सगळे टक लावून बघत असताना हातमोजे चढवले तर त्या सांगण्याला काय अर्थ राहिला, असा त्यांचा विचार. पट्टी लागली, खेळ पुढे सुरू झाला. पण अख्ख्या स्टेडियमचं लक्ष त्या ओरखड्यावरच होतं. दोन दिवसांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये कार्ल मलोनने उघडपणे बोलून दाखवलं की खेळाडूंना भीती वाटते. मलोन म्हणजे ड्रीम टीममधला जॉन्सनचा सहकारी! दुसऱ्याच दिवशी, २ नोव्हेंबरला, जॉन्सन पुन्हा निवृत्त झाला.

पहिल्यांदा त्याला त्याच्या शरीराच्या काळजीने थांबवलं, दुसऱ्यांदा इतरांच्या शरीराच्या. त्या दुसऱ्या भीतीचाही हिशेब पुढे झाला. १९९५ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या रक्तस्रावाच्या जखमा मोजून एक अंदाज प्रसिद्ध झाला. खेळताना लागण होण्याची शक्यता साडेआठ कोटी टकरींमागे एकापेक्षाही कमी निघाली. अमेरिकन फुटबॉलमध्ये माणसं एकमेकांवर बैलासारखी आदळतात, तिथे ही परिस्थिती.

आता थोडं इंजिनिअरिंग. कंटाळा येणाऱ्यांनी चहा करून यावा, पण याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

फिटनेस मोजायचा सर्वमान्य आकडा म्हणजे व्हीओटू मॅक्स. पूर्ण ताकदीने पळताना शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा. १९२० च्या दशकात ए. व्ही. हिल नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ पाठीला पिशवी बांधून स्वतः धावले, पिशवीत श्वास सोडला आणि त्यातून ही कल्पना पक्की झाली. आपल्याकडे यासाठी फार सुंदर शब्द आहे, दमसास. गवयापासून पैलवानापर्यंत सगळ्यांना लागतो तो. तर या दमसासाचं सूत्र १८७० मध्येच आडोल्फ फिक यांनी देऊन ठेवलं होतं: हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं, गुणिले त्या रक्तातून स्नायू किती ऑक्सिजन काढून घेतात. बस, दोनच गोष्टी. एक पंप आणि एक ग्राहक. लिटरभर रक्तात साधारण २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. आरामात बसलेलो असताना त्यातला जेमतेम पाव भाग वापरला जातो, जीव तोडून पळताना तीनचतुर्थांश किंवा त्याहून जास्त.

सिस्टिम हळू चालत असेल तर आपण काय विचारतो? बॉटलनेक कुठे आहे? १९९० मधल्याच एका अमेरिकन अभ्यासात फुप्फुसं ठणठणीत असलेल्या एचआयव्हीबाधितांना सायकलवर बसवलं, तेव्हा त्यांना निरोगी लोकांपेक्षा लवकर धाप लागत होती. फुप्फुसं ठीक असताना! मग अडचण पंपात की ग्राहकात?

पहिला धागा मिळाला तो औषधात. १९९० मध्येच डालाकस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दीर्घकाळ एझेडटी घेणाऱ्या काही रुग्णांच्या स्नायूंमध्ये मायटोकॉन्ड्रिया बिघडलेले असतात. शाळेत 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' म्हणून आपण पाठ केलेली तंतुकणिका ती हीच. कारण मोठं विलक्षण आहे. एझेडटी आणि त्याची भावंडं विषाणूला फसवतात. विषाणू स्वतःची डीएनए प्रत बनवायला लागला की त्याला खोटा सुटा भाग पुरवतात आणि साखळी तिथेच तुटते. पण आपल्या मायटोकॉन्ड्रियांचंही स्वतःचं छोटंसं डीएनए असतं आणि त्याची नक्कल करणारं एन्झाइम, पॉलिमरेज गॅमा, तेसुद्धा या खोट्या भागाला फसतं. म्हणजे विषाणूसाठी लावलेल्या सापळ्यात घरचं मांजर! स्नायूंपर्यंत ऑक्सिजन पोचतो, पण तो वापरायची भट्टीच मंद झालेली असते.

दरम्यान १९९६ उजाडलं. ३० जानेवारीला जॉन्सन पुन्हा मैदानात उतरला, आधीपेक्षा जाड होऊन, आणि पहिल्याच सामन्यात १९ गुण, १० असिस्ट, ८ रिबाउंड. त्या मोसमात तो ३२ सामने खेळला. यावेळी कुणी फारशी कुरकुर केली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हँकुव्हरच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत तीन-तीन औषधं एकत्र देण्याचे निकाल आले आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसायला लागली. इथून प्रश्नच बदलला. आता माणसं जगणार होती. पण कशी?

धापा टाकत, असं उत्तर यायला लागलं. विषाणू आटोक्यात, पेशींचे आकडे उत्तम, पण जिना चढवत नाही. मेरीलँड विद्यापीठात केड आणि कायझर यांच्या गटाने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला हे नीट सोडवून पाहिलं. रुग्णांना ट्रेडमिलवर पळवलं, हृदयाचा भाग वेगळा काढला, स्नायूंचा वेगळा. पंपात फारसा दोष नव्हता. स्नायू ऑक्सिजन कमी काढून घेत होते, आणि औषधं घेणाऱ्यांमध्ये ते जास्त ठळक होतं. २००६ मध्ये बाल्टिमोरच्या ऊर्सलर यांनी वयाने मोठ्या एचआयव्हीबाधितांचा दमसास मोजला, तर तो त्यांच्या वयाच्या मानाने सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी भरला. चाळीस टक्के म्हणजे नुसतं शर्यतीत मागे पडणं नव्हे. भाजीच्या पिशव्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाताना मधल्या कठड्याशी थांबणं आहे ते.

सगळा दोष औषधांवर ढकलून मोकळं होता येत नाही. विषाणूमुळे शरीरात राहणारा दाह, वर्षानुवर्षांचं बसून राहणं (डॉक्टरांनीच आराम सांगितलेला), सिगारेट, नैराश्य, सगळं त्यात मिसळलेलं आहे. पण औषधाचा वाटा होता, आणि इथे ही गोष्ट अमेरिकेतून सरळ मुंबईत येते.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने, म्हणजे युसुफ हमीद यांनी, तीन औषधांचा वर्षभराचा डोस ३५० डॉलर्सला देऊ केला. दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी! तोवर याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलर्सच्या वर पडत होते. आफ्रिकेतल्या लाखो लोकांचे प्राण या एका किमतीने वाचले असं म्हणणं अजिबात अतिशयोक्ती नाही. सिप्लाची 'ट्रायोम्यून' ही तीन औषधं एकाच गोळीत, सकाळ-संध्याकाळ. त्या तिघांतलं एक होतं स्टॅव्ह्युडीन. स्वस्त, परिणामकारक, आणि मायटोकॉन्ड्रियांसाठी एझेडटीपेक्षाही वाईट. हातापायांना मुंग्या, गालांची आणि हातापायांची चरबी नाहीशी होऊन पोटावर साठणं. चेहरा बघूनच लोक ओळखायला लागले की याला 'तो' आजार आहे. आपल्याकडे सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, तेव्हा स्टॅव्ह्युडीन इथेही होतंच. जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करा असं सांगितलं २००९ मध्ये.

मला यात खलनायक सापडत नाही. त्या वेळी दुसरा परवडणारा पर्याय नव्हता, आणि गाल बसलेला जिवंत माणूस केव्हाही बरा. पण आठ-दहा वर्षं हे दुष्परिणाम कुणी तरी अंगावर काढले, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

यावर सगळ्यात आवडलेलं काम रवांडातलं. युजीन मुटिमुरा आणि सहकाऱ्यांनी किगालीत औषधांमुळे चरबीची वाटणी बिघडलेले १०० जण घेतले. निम्म्यांना सहा महिने, आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास व्यायाम. २००८ मध्ये निकाल आले. व्यायाम करणाऱ्यांचा दमसास चांगलाच वाढला, कंबर कमी झाली, कोलेस्टेरॉल आणि साखर सुधारली, आणि स्वतःच्या शरीराबद्दलचं मतही. न करणारे होते तिथेच राहिले. औषध तेच चालू होतं बरं का.

हे कसं शक्य आहे? याचं उत्तर एचआयव्ही जगाला माहीत व्हायच्या आधीपासून तयार होतं. १९६७ मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि दाखवलं की त्यांच्या स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रियांची क्षमता जवळपास दुप्पट झाली. सराव फक्त हृदयाला नव्हे, भट्टीलाही लागू पडतो. एक हात भट्ट्या विझवत असेल तर दुसरा नव्या पेटवू शकतो. पूर्ण भरपाई होते असं नाही, पण होते.

मग व्यायामाने नुकसान? टोरांटोच्या केली ओब्रायन आणि स्टेफनी निक्सन यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून असे सगळे प्रयोग एकत्र करून तपासायचं व्रतच घेतलं. २०१६ च्या आवृत्तीत २४ प्रयोग, शेवटपर्यंत टिकलेले ९३६ लोक. निष्कर्ष: आठवड्यातून किमान तीनदा व्यायाम सुरक्षित आहे, दमसास, ताकद, मनःस्थिती सुधारते. सीडी-४ पेशी किंवा विषाणूच्या संख्येवर मात्र म्हणावा असा परिणाम नाही. चांगलाही नाही, वाईटही नाही. १९९१ मध्ये ज्या ताणाच्या भीतीने जॉन्सनला थांबवलं तो या आकड्यांत कुठेही दिसत नाही.

माझी एक कुरकुर आहेच. २४ प्रयोग मिळून ९३६ माणसं? कोट्यवधींच्या आजाराला? आणि 'शेवटपर्यंत टिकलेले' हे शब्द पुन्हा वाचा. १९९३ मध्ये मॅकआर्थर यांच्या गटाने बऱ्यापैकी आजारी लोकांना घेऊन २४ आठवड्यांचा कार्यक्रम केला होता. सुरुवातीला २५ जण, नीट पूर्ण करणारे ६. त्या सहा जणांचे निकाल झकास. उरलेल्यांचं काय? कुणी आजारी पडलं, कुणी कंटाळलं, कुणाला रोज यायला जमलं नसेल. जिमची वार्षिक मेंबरशिप घेऊन फेब्रुवारीत गायब होणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांना नावं ठेवू नयेत, पण व्यायाम 'झेपणाऱ्यांना' फायदा होतो आणि व्यायामाने फायदा होतो, ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आणि काहींना तर दारातच अडवलं गेलं असणार. जिमच्या फॉर्मवर 'काही आजार आहे का' हा रकाना असतो, तो भरताना बहुतेकांना गुडघ्यापलीकडे काही सुचत नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाला तिथे पेन थांबवावं लागतं. सार्वजनिक सेवा-सुविधा एचआयव्हीच्या कारणावरून नाकारता येत नाहीत असं सांगणारा कायदा भारतात २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. ऑफिसातल्या किती जणांना हे माहीत आहे, एकदा विचारून बघा.

आता औषधं बदलली आहेत. स्टॅव्ह्युडीन गेलं, आपल्या सरकारी कार्यक्रमातही डोल्युटेग्राव्हिरवर आधारलेली, मायटोकॉन्ड्रियांना फारसा त्रास न देणारी औषधं आली. जुन्या औषधांवर वर्षं काढलेली पिढी आता पन्नाशी-साठीत आहे. कॉलोराडोत एर्लँडसन यांच्या गटाने ५० ते ७५ वयाचे, बैठं आयुष्य जगणारे लोक घेतले, काही एचआयव्ही असलेले, काही नसलेले, आणि सगळ्यांना २४ आठवडे व्यायाम दिला. सुरुवातीच्या चाचण्यांत एचआयव्ही असलेले मागे होते: खुर्चीतून उठणं, जिना चढणं, ४०० मीटर चालणं. २०१८ मध्ये छापून आलेल्या निकालात त्यांची सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा कमी नव्हती.